बसणारे मोजा

आत्याबाई खसचा, म्हणजे वाळ्याचा, पडदा घेताना कधी माप घेत नसत. खिडकी किती रुंद, खोली किती उंच, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. देवास गेटचा पडदेवाला दारात आला की त्या फर्मान सोडत, "भैया, कमरा मत नापो, बैठनेवाले गिनो." एक जण बसतो तिथे लहान पडदा, चार बसतात तिथे मोठा. ओल्या वाळ्यातून लूची गरम झळ आत येताना गार होते, पण खोलीत डोकी जास्त तशी उष्णता जास्त, हे त्यांचं शास्त्र. शास्त्र बरोबर होतं, हेच मला अजून सलतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतल्या आणि घर ताब्यात घेतलं. फ्रीगंजमधल्या आमच्या भाड्याच्या घरात किल्ल्या त्यांच्याकडे, साखर त्यांच्या हातची, आणि उन्हाळ्यात गारवाही त्याच वाटणार. नुकतंच स्वातंत्र्य आलेलं. टावर चौकात हक्कांवर भाषणं व्हायची, मामंजी ती मन लावून ऐकायचे आणि घरी येऊन मोठ्या पडद्यामागे घोरायचे. त्या पडद्यावर बाहेरून उन्हात उभं राहून पाणी मारायचं काम माझं.

स्वयंपाकघराला पडदा नव्हता. मला आठवा महिना होता, मे पेटला होता, आणि चुलीपुढे डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. शेवटी धीर करून मागितला.

"स्वयंपाकघरात बसायला कोण जातं गं?" आत्याबाई म्हणाल्या. "तिथं काम करायला जातात. मी बसणारे मोजते. फालतू नखरे नकोत."

मी भैरवगढची जुनी छापील चादर भिजवून खिडकीला टांगली. त्यांनी ती ओढून काढली आणि मामंजींच्या माठाला गुंडाळली. माठ मोजण्यात आला होता, मी नव्हते! चार दिवसांनी मी चक्कर येऊन तव्यावर पडले. मनगट भाजलं, तो डाग अजून आहे. आत्याबाईंनी तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं आणि म्हणाल्या, "ऊठ, पोळी करपतेय."

मुलगी सुखरूप झाली, पण त्यात त्यांचं काही श्रेय नाही.

पुढे मध्य भारत हा आमचा प्रांत मोडला, नवा झाला, आमच्या यांची कचेरी भोपाळला हलली. प्रांत गेल्याचं पुष्कळांना दुःख झालं. मी मनातल्या मनात पेढे वाटले. भोपाळच्या क्वार्टरमध्ये पहिला पडदा लावला तो स्वयंपाकघराला, अगदी खिडकीभर.

उन्हाळ्यात आत्याबाई आल्या. मी वाटच बघत होते. हे भांडण मी चुलीपुढे कितीतरी दुपारी मनात जिंकून ठेवलं होतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. गार वाऱ्याने त्यांचा पदर हलला.

"एवढं कोण बसतं इथे?"

"मी आणि मुलगी," मी म्हटलं, आणि मुद्दाम जोडलं, "आता तुम्ही आलात, म्हणून तिघी मोजल्या."

वाटलं, भडकतील. पण नाही. "मला कशाला धरलंस? मला कुठं कोण धरतं," म्हणाल्या, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. आणि चटई उचलून बाहेर तापलेल्या पत्र्याखाली जाऊन आडव्या झाल्या.

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फ्रीगंजच्या घरातला बोळ आला. सगळे पडदे वाटून झाल्यावर आत्याबाई तिथे पडायच्या. तिथून बादल्या नेताना मला वाटायचं, बाई माझ्यावर पहारा ठेवतेय. तिथे पडदा नव्हता, झुळूकही नव्हती.

दया आली का? मुळीच नाही. राग दुपटीने उसळला. जी झळ हिने जन्मभर सोसली, तीच हिने मला दिली, तेही हिशेबाने! मी बाहेर गेले, हाताला धरून त्यांना चटईसकट आत आणलं. "बसा इथे," मी ओरडले. "या घरात मी मोजते."

त्या बसल्या, पण पडद्याकडे पाठ करून. जरा वेळाने पाठीवरची चोळी वाऱ्याने वाळली, खांदे सैल झाले. मी तव्यावर पोळी टाकून त्यांच्याकडे बघतच राहिले होते.

"पोळी करपतेय," आत्याबाई म्हणाल्या.

खरंच करपत होती.