दहा किलोमीटरवाले काका

आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या बिल्डिंगमधल्या चिनी काकांचं वय कुणाला माहीत नाही, पण त्यांचे दहा किलोमीटर सगळ्यांना पाठ आहेत. शांघायहून पार पश्चिम सीमेपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा तेवढाच तुकडा त्यांनी रस्ता-दुरुस्ती कामगार म्हणून नोकरीभर राखला. बाकीचा रस्ता कसा आहे? "तो दुसऱ्यांचा. मी पाहिला नाही, मी बोलणार नाही." प्रत्येक वाक्याआधी ते घसा खाकरतात आणि खिशातली वही चाचपतात.

स्टेशनच्या रस्त्याला फुटपाथ हवा म्हणून मी सह्या गोळा करत होतो. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी बर्फात ट्रकांशेजारून जीव मुठीत धरून का चालायचं? काकांनी सही केली नाही. "अजून मोजून झालं नाही," म्हणाले. मी तोंडावर सांगितलं, "काका, तुम्ही घाबरता!"

फुटपाथच्या मागणीवर नगरपालिकेची सभा झाली, तिथं त्यांचा इंजिनिअर म्हणाला, "त्या रस्त्यानं कोणी चालतच नाही." माझं डोकं सणकलं; मी सह्यांचा गठ्ठा चाळला, त्यात नुसती नावं होती. तेवढ्यात मागून खाकरणं ऐकू आलं. काका वही उघडून उभे होते.

"हिवाळाभर रोज सकाळी बर्फात किती माणसांची पावलं उमटली, ते लिहिलंय. सोमवारी अडतीस. मंगळवारी चाळीस, त्यातला एक काठी टेकत."

इंजिनिअरनं वही मागितली.

"वही मिळणार नाही. तुम्ही सकाळी रस्त्यावर या."

दुसऱ्या सकाळी इंजिनिअर ऑफिसच्या बुटांत, घोट्यापर्यंत बर्फात रुतून तिथं उभा होता. काकांचं एकेचाळीस लिहून झालं होतं. ते खाकरले, आकडा खोडला आणि बेचाळीस केला.