झाडाच्या नावापुढचा शब्द

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता तेव्हाची गोष्ट. नांदगावच्या बाजूला रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आड येणाऱ्या झाडांचं मोल ठरवायला जी माणसं निघाली, त्यांत मीही होतो, नवा कोरा कारकून. काम मला भलतंच आवडलं होतं. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून खोडाचा घेर घ्यायचा. इमारती लाकडाचं मोल घेर आणि उंचीवरून. फळझाडाला वर्षाच्या उत्पन्नाच्या काही पट. न फळणारं झाड सरळ जळाऊ लाकडात. आमच्या तक्त्यात त्यासाठी एक रकानाच होता. त्यात ‘फळते’ किंवा ‘वांझ’ एवढंच लिहायचं. साहेबांची शिकवण एकच: डोळ्यांना दिसेल ते लिहा, मालक सांगेल ते नाही. ते तरी काय चूक म्हणा! ज्या झाडाला उभ्या जन्मात दहा फणस लागले नसतील, त्याचा मालकही शंभराच्या खाली यायला तयार नसे.

चौथ्या दिवशी आमच्याच वाडीची पाळी आली. पहिलंच झाड काकीचं.

मी दोन वर्षांचा असताना आई गेली, आणि काकीने मला वाढवलं. तिला मूल नव्हतं. त्यावरून तिला काय काय ऐकावं लागलं, बारशाला तिला पाळण्याजवळ कसं येऊ देत नसत, हे मी तिच्या पदराला धरून पाहिलेलं आहे. काका गेल्यावर ती एकटीच राहायची. रस्त्याकडेच्या बांधावर तिचा एक रायवळ आंबा होता. बाठा तिनेच पुरला होता. एक वर्ष तो फांद्या वाकेपर्यंत धरायचा आणि दुसऱ्या वर्षी नुसती पानं. आंबा असाच असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते वर्ष त्याच्या विसाव्याचं होतं.

दोन पंच उभे होते, शेजारीपाजारी जमले होते. घरच्या झाडाला हा काय लिहितो, हेच बघायला आले होते सगळे. मी वर पाहिलं. फळ दिसलं नाही. मी ‘वांझ’ लिहिलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

अंगठा घेण्याआधी मालकाला लिहिलेलं वाचून दाखवावं लागे. मी खणखणीत आवाजात वाचलं. काकी आधी पंचांकडे बघत होती, तिने मान माझ्याकडे वळवली.

“माका लोक म्हणीत इले, ता ऱ्हवांदे,” ती म्हणाली. “झाडाक कित्याक रे?”

पंचांपैकी एकाने मान खाली घातली. मी नियम सांगू लागलो. तिने तो शेवटपर्यंत ऐकला, अंगठा शाईला लावला आणि मी दाखवलं तिथे उठवला.

पुढच्या माघात तिचा निरोप आला. शेजारचा माणूस कचेरीत येऊन सांगून गेला, झाड मोहरलंय, पान दिसत नाही, काकी म्हणते एकदा येऊन बघ आणि लिवलेला बदल. पैशांचं तिने काही म्हटलं नव्हतं. मी साहेबांना विचारलं. कागद वर गेले, आता काही होणार नाही, असं ते म्हणाले. मग नुसतं जाऊन तरी काय सांगायचं, म्हणून मी आज-उद्या करत आठ दिवस काढले. काम नव्हतं, आजारी नव्हतो. तोंड दाखवायची लाज वाटत होती, बस्स.

गेलो तेव्हा आंबा आडवा पडला होता. कुऱ्हाडीवाले फांद्या साळत होते. मोहर अजून ओला होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. इतका मोहर मी त्या झाडाला कधी पाहिला नव्हता.

काकी घरापुढच्या खळ्यात बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. रागावेल, रडेल, दोन शिव्या तरी देईल असं वाटलं होतं. तिने पदर सारखा केला, आतून पाट आणून माझ्यासाठी मांडला, आणि तलाठी किंवा फौजदार घरी आला की आमची माणसं जी पुस्तकी मराठी बोलतात, त्या मराठीत मला म्हणाली,

“बसा. चहा घेणार?”

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. मला तिने पुन्हा कधी ‘रे’ म्हटलं नाही.