बिनखिडकीचा कोपरा

मांडवीच्या फोटो दुकानात मी दिवसभर कॉम्प्युटरवर पासपोर्टच्या फोटोंमागच्या भिंती पुसत असतो. त्या संध्याकाळी डोळे चुरचुरत होते, दुकान आवरायला घेतलं होतं, तेवढ्यात एक कोळीण आली. मासळीची रिकामी टोपली पायरीवर उपडी ठेवून, कोरडे हात पुन्हा पुन्हा पदराला पुसत बसली. नवरा नुकताच वारला होता आणि हार घालायला धड फोटो नव्हता. होता तो होडीत बसलेला.

“ह्यांना घरात बसव रे बाबा.”

कंटाळतच मी कॉम्प्युटरवर एक उभी रेघ मारली. तिच्या तळातून दोन तिरक्या काढल्या, की दोन भिंती आणि जमीन होते. फरश्या घालून त्यांची लांबची बाजू आत ओढली, तसा कोपरा मागे सरकला. होडीतल्या माणसाला उचलून खुर्ची दिली. भिंत ओकीबोकी वाटली म्हणून खिडकी काढली, बाहेर समुद्र ठेवला, फरशीवर ऊन पाडलं.

ती पडद्याजवळ वाकली. “ती बुजव. दर्या दिसला तर हे घरात थांबायचे नाहीत.”

मी खिडकी बुजवली. आता ऊनही पुसायला हवं होतं. तेवढं काही माझ्याने पुसवलं नाही.