दोन्हीकडून प्रवेश बंद

शनिवार पेठेतल्या नीरजाताई साठे टेलिफोन खात्यातून कधीच निवृत्त झाल्या, पण त्यांची स्कूटर झाली नाही. भाजी, बँक, गाण्याचा क्लास, सगळं त्या करड्या स्कूटरवर. वाघोलीला राहणारा मुलगा पुष्कर दर फोनला म्हणायचा, "आई, विक ना ती." त्या म्हणायच्या, "बघू." पेठेत 'बघू' म्हणजे 'नाही', हे वाघोलीला गेल्यापासून तो विसरला होता.

मग गल्लीच्या पूर्वेच्या तोंडाशी रस्ता खणला आणि 'प्रवेश बंद'ची पाटी लागली. खड्डा बुजला, पाटी राहिली. गल्ली एकेरी, त्यामुळे पश्चिमेच्या तोंडाला 'प्रवेश बंद' आधीपासूनच होतं. म्हणजे कायद्याने गाडी बाहेर काढता येत होती, घरी आणता येत नव्हती. असली सोय पुण्यातच व्हावी!

पुष्करच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. "आता तर दारापर्यंतही नेता येत नाही. गिऱ्हाईक बघितलंय मी. रविवारी मी येतो, तेही येईल गाडी बघायला."

गिऱ्हाईक! ताईंचं डोकंच फिरलं. स्कूटर गेली की उद्या कोथिंबिरीच्या जुडीसाठीही कुणाची तरी वाट बघत बसायचं. ते त्यांना मरणाहून नकोसं होतं.

त्याच संध्याकाळी ताई घरी परतत असताना पूर्वेच्या तोंडाशी हवालदार भीमराव स्कूटरला आडवे आले.

"काकू, पाटी दिसत नाही का?"

"दिसते. दोन्हीकडच्या दिसतात. मी आत राहते. कुठून जाऊ, आपणच सांगा."

भीमरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "इंजिन बंद करून ढकलत न्या. ढकलली की तुम्ही पादचारी."

"या गुडघ्यांनी? मग ढकला तुम्ही."

मागे हॉर्न सुरू झाले. ताई जागच्या हलल्या नाहीत. भीमरावांनी मोबाइल काढला. "फोटो काढतो. दंड येईल घरी."

"काढा की! दंडाला तरी घरी यायला वाट आहे म्हणायची. आणि गुन्हा नीट लिहा, बाई स्वतःच्या घरी गेली."

एवढं बोलून त्यांनी सगळ्यांदेखत स्कूटर आत घातली. फोटो निघाला की नाही, हे त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी पुष्करचा फोन आला. "आई, कार घेऊन बाहेर उभा आहे. आत कुठून येऊ? दोन्हीकडे बंद आहे."

"कार नदीकाठी लाव आणि चौकात थांब."

थोड्या वेळात ताई वळसा घालून आल्या. त्यांनी दुसरं हेल्मेट त्याच्यापुढे धरलं. "घाल. बस मागे."

"अगं, पण ती पाटी..."

"बस म्हटलं ना."

चाळिशीचा पुष्कर मुकाट्याने बसला आणि आईचा खांदा धरून भर दुपारी त्या पाटीशेजारून आत गेला. दारात उतरून तो हेल्मेटचा पट्टा सोडवू लागला, तेव्हा ताई म्हणाल्या, "त्या तुझ्या गिऱ्हाइकाला कळव आता. म्हणावं, येऊ नका, प्रवेश बंद आहे."