खाऱ्या विहिरीची भरती

माझा थोरला भाऊ अमरावतीत गवंडीकाम करायचा, मी अकोल्यात भूगोल शिकवायचो. वहिनी गेली, कामं सुटली आणि दादा मोबाइलच्या नादी लागला. एक दिवस फोनवर म्हणाला, पृथ्वी सपाट आहे. मी हसलो, तर भडकला.

"जिंदगीभर नळीत पाणी भरून घराची लेव्हल काढली म्या. पाणी सपाटच राह्यते. गोल असती त मंग बाक नसता दिसला काय?"

मग दर रविवारी भांडण. गुरुत्वाकर्षण म्हटलं की तो म्हणे, "दाखव मले." मी दाखवणार काय, कपाळ? समुद्र आम्ही दोघांनीही धड पाहिलेला नव्हता, आणि भांडायचो भरती-ओहोटीवरून. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं; तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. दादाच्या मते ते जमिनीखालून आलेलं समुद्राचंच पाणी. "चंद्र समुद्राले वढते, मंग आपल्या इहिरीले काहून नाई वढत? तेबी खारंच हाये ना."

एका पौर्णिमेला तो मला गावी घेऊन गेला. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, दगड पाण्याला टेकला तेव्हा काठाशी दोरीला गाठ मारली. संध्याकाळपर्यंत काठावर बसलो. पाणी हललं नाही. दादा भलताच खूश. समुद्र केवढा, विहीर केवढी, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. "खारं त खारं," म्हणाला. मला इतका राग आला की परतीच्या एसटीत मी त्याच्याशी बोललो नाही.

पुढं त्याच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं. मी भेटायला जायचो तेव्हा तो गळून पडलेला असे. पण ग्रहणात चंद्रावर गोल सावली पडते, असं काही मी काढलं की उठून बसायचा, आणि त्या भरात पुतणी त्याला दोन घास भरवून घ्यायची. तेव्हापासून मी जाताना मुद्दाम वादाचा विषय घेऊन जाऊ लागलो. शाळेतल्या पोरांसाठीही एवढी तयारी केली नव्हती.

शेवटच्या खेपेला मी जहाजाचं काढलं. दूर जाताना आधी त्याचं बूड दिसेनासं होतं, मग शीड. पुतणी ताट घेऊन उभी होती. दादा या वेळी उठून बसला नाही.

"असंन बा गोल," तो म्हणाला. "तू शिकेल हायेस."

"नाई दादा," मी म्हणालो, "दूर गेल्यावर जहाज लहान होत असंन, म्हणून नसंन दिसत. तू सांग ना, तुह्यं काय म्हणणं हाये?"

त्यानं डोळे मिटले. पुतणीनं ताट झाकून ठेवलं.