पाणी न घातलेलं औषध

मल्लाप्पाअण्णा गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर कळवलं, त्याला आता महिना होत आला. शोकसभेत जो तो उठून म्हणाला, अण्णा साधे, कुणाच्या अध्यात ना मध्यात… ऐकून माझं डोकं फिरलं. अण्णा चांगले अध्यातही होते आणि मध्यातही.

निजामाच्या अमलात, चाळीसच्या दशकात, आम्ही दोघं एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. ते थोरले, मी नुकताच लागलेला. दिवसभर उभ्यानं मिक्श्चर कालवायचं, बाटलीला डोसाच्या खाचांची कागदी पट्टी डकवायची, डॉक्टरसाहेबांना सलाम ठोकायचा. बदल्यात वेळेवर पगार, हक्काची रजा, म्हातारपणी वजीफा, म्हणजे पेन्शन. बाजारातल्या खासगी डॉक्टरकडच्या कंपाउंडरला बसायला स्टूल मिळे, पण डॉक्टरीणबाईंची भाजीही त्यालाच आणावी लागे. सरकारी नोकरीला लाथ मारणारा आमच्या लेखी वेडाच.

एका वर्षी हिवतापानं गावंच्या गावं अंथरुणाला खिळली. साहेबांनी फर्मावलं, खेड्यातल्यांच्या कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, औषधात निम्मं पाणी घाला, अस्सल माल अंमलदारांच्या घरांसाठी राखा. अण्णांनी थेंबभरही पाणी वाढवलं नाही. साहेबांनी जाब विचारला, तेव्हा सगळ्या रांगेदेखत म्हणाले, “ताप हुद्दा बघून येत न्हाय, साहेब. म्या बी हुद्दा बघून औषध देनार न्हाय.”

त्याच दुपारी त्यांना काढून टाकलं. त्यांच्या जागी मी उभा राहिलो आणि… पाणी घातलं. नोकरी जाईल ही भीती, दुसरं कारण नाही.

पुढं अण्णा नळदुर्गात एका औषधाच्या दुकानात लागले. बारा-बारा तास उभं राहायचं, रजा नाही, पेन्शन नाही. माझं पेन्शन सुरू झालं तेव्हा त्यांचे पाय सुजून भोपळे झाले होते. लोक याला नशीब म्हणतात. कसलं डोंबलाचं नशीब! त्यांनी निवडलं, मीही निवडलं. पश्चात्ताप होतो का, असं एकदा विचारलं तर हसले आणि मला चहा पाजला.

दुकानातसुद्धा आपण कालवलेल्या प्रत्येक मिक्श्चरचा थेंब ते आधी जिभेवर घ्यायचे. शेवटच्या भेटीत ते अंथरुणावर होते. मी खोकल्याचं औषध चमच्यात ओतलं. त्यांनी जीभ लावली, माझ्याकडं बघत राहिले. दवाखान्यात त्यांच्या जागी उभं राहून मी काय केलं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

“पानी न्हाय ना घातलंस?”

“न्हाय, अण्णा,” मी म्हणालो. “या खेपेला न्हाय.”

“मग आन,” म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.