कंडक्टरभाऊ आणि शेवटची जागा

आमच्या मूल तालुक्यातून जे कोणी डॉक्टर झाले, त्यांना कॉलेजांनी शिकवलं असेल, आईबापांनी पोसलं असेल. पण डॉक्टर केलं ते एका एस.टी. कंडक्टरने, असं माझं ठाम मत आहे आणि या वयात ते बदलायला मी तयार नाही. मूल-गडचिरोली गाडीवर त्यांची ड्यूटी असे. डेपोच्या हजेरीपटावर त्यांचं काहीतरी नाव असेलच. गावात मात्र लहानथोर त्यांना कंडक्टरभाऊ म्हणत. उंच, काटकुळा देह, भर मे महिन्यातही खाकी शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, आणि चेहरा नुकताच कुणाच्या तरी मयतीहून परतल्यासारखा. त्यांना हसताना मी पाहिलं नाही. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा, तिकीट न काढलेल्या प्रवाशाकडे पाहावं तसे ते फोटोग्राफरकडे पाहत होते.

भाऊ स्वतः मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. पण मेडिकलच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका त्यांना तोंडपाठ होती. दरवर्षीची प्रत ते नागपूरच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकडून मागवत, तिला वर्तमानपत्राचं कव्हर घालत आणि सकाळी विहारात वंदना करून आले की ओट्यावर बसून एकेक पान मोठ्याने वाचत. गाडीत तिकीट फाडता फाडता त्यांचा प्रश्न ठरलेला, ‘बारावीले कोन हाय घरी?’ सावली गावाकडच्या एका म्हातारीने एकदा ‘नातू हाय बाप्पा, पन कच्चा हाय’ असं उत्तर द्यायची चूक केली. भाऊंनी तिला रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला यांतला फरक इतक्या तन्मयतेने समजावला, की म्हातारीचं गाव केव्हाच मागे पडलं. परतीच्या फेरीत त्यांनी तिला तिच्या फाट्यावर नीट उतरवून दिलं, पण उतरतानाही ‘जातीचा दाखला पहिले काढा बाई, तो उशिरा मिळते’ हे बजावलंच. तो नातू पुढे खरोखर डॉक्टर झाला. म्हातारी मात्र नंतर कधीही त्यांच्या गाडीत चढली नाही.

हुशार मुलांत त्यांना अजिबात रस नव्हता. ‘हुशार पोराले कोनीबी पोचवते. मले काठावरचा पाह्यजे,’ असं ते म्हणत. कोणी गुणपत्रिका पुढे केली की जुनं तिकीट तपासावं तशी ती उलटसुलट करून पाहत. ‘केमिस्ट्रीत बेचाळीस? ह्याच्यावर कंडक्टर होता येते. मी झालो ना.’ पोराचा चेहरा पडला की मग आवाज खाली येई. ‘तुमच्या शाळेत केमिस्ट्रीचा मास्तर होता का वर्षभर? नवता ना? मंग मार्क कमी हायेत, अक्कल नाई. आन फॉर्म.’

फॉर्मला सत्यप्रती लागत, सत्यप्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागे, आणि राजपत्रित अधिकारी आमच्याकडे वाघापेक्षा कमी दिसत. कोणता साहेब कोणत्या वारी कोणत्या गाडीने जातो, याचं टिपण भाऊंच्या डोक्यात असे. एकदा त्यांनी जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना चालत्या गाडीत गाठलं आणि व्याहाड येईपर्यंत त्यांच्या गुडघ्यावर ढीगभर सह्या करून घेतल्या. रस्ता असा, की साहेबांची प्रत्येक सही वेगळी उमटली. सगळे कागद ‘सही जुळत नाही’ असा शेरा घेऊन परत आले. त्या दिवसापासून असा कोणी साहेब गाडीत असला, की भाऊ भर जंगलात घंटी मारून गाडी थांबवत आणि ओरडत, ‘पाच मिनटं सहीचा थांबा!’ प्रवासी आधी शिव्या देत. पुढे पुढे ते न सांगता खाली उतरून विड्या ओढू लागले.

हे वेड कुठून लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचा पहिला मुलगा तीन वर्षांचा असताना तापाने फणफणला होता. तेव्हा ते जंगलपट्टीतल्या एका खेड्यात राहत. ‘दवाखाना होता गा. खुर्ची होती, टेबल होता, भिंतीवर डोळे तपासाचा तक्ता होता. डॉक्टर तेवढा नवता. बाहेरचा होता, बदली करून गेला. आमी दोन दिवस वाट पाह्यली.’ मग पेटीतली तिकिटं उगाच सारखी करत म्हणाले, ‘बाहेरचा मानूस इथी टिकत नाई. इथलाच पाह्यजे. कच्चा असला तं चालते, पन इथलाच.’

मी कच्च्यातला कच्चा होतो. माझे वडील राइस मिलमध्ये पोती वाहत. आपल्या मुलाने पोती वाहू नयेत एवढीच त्यांची इच्छा होती आणि त्या इच्छेच्या टोकाला कुठेतरी मेडिकल कॉलेज होतं. भाऊंची मुलगी शीला माझ्याच वर्गात होती. आम्ही दोघं भाऊंच्या ओट्यावर एकाच कंदिलाशी अभ्यास करायचो. डॉक्टर होण्याची खरी हौस तिला होती. गल्लीत कुणाला काटा रुतला, गळू झालं, की शीला सुई तापवून हजर. प्रॅक्टिकलला बेडूक समोर आला की मी डोळे मिटून घ्यायचो आणि मास्तरांची पाठ वळली की शेजारून तिचा हात यायचा आणि माझाही बेडूक कापून व्हायचा. पण पेपरात बेडूक कापायचा नसतो. निकाल लागला तेव्हा दोघांचेही मार्क रडके होते, आणि त्या रडक्यांत माझे तिच्यापेक्षा दोन जास्त. भाऊंनी दोन्ही गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या, बराच वेळ पाहिल्या. ‘दोघं बी काठावर,’ म्हणाले, आणि एकाच बैठकीत दोघांचे फॉर्म भरले.

पहिल्या यादीत आम्ही नव्हतो, दुसरीतही नव्हतो. आमच्या राखीव जागांच्या प्रतीक्षा यादीत मात्र दोघांची नावं एकाखाली एक लागली. आधी माझं, त्याखाली शीलाचं. वरची नावं हळूहळू आत जात राहिली आणि आमच्यापाशी येऊन सगळं थांबलं. ऑगस्ट उजाडला तशी मी आशा सोडली. वडिलांनी मिलमध्ये सुट्टी घेतली आणि घरच्या सगळ्यांना घेऊन ते धानाच्या रोवणीसाठी मामाच्या गावी गेले. मामाचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या वाटेवर. मूलच्या घराला कुलूप लागलं.

आणि मग एका सकाळी दोन तारा आल्या. एक शीलाच्या नावाची, एक माझ्या. माझं घर बंद पाहून तारवाल्याने माझीही तार भाऊंच्याच हातात दिली. असले कागद त्यांच्याकडेच जायचे, हे त्याला माहीत होतं. मजकूर एकच. एक जागा रिकामी झाली आहे, उद्या सकाळी अकराला नागपूरला समक्ष हजर राहावं, नावं क्रमाने पुकारली जातील. पुकारल्यावर जो हजर नसेल त्याचा हक्क संपतो आणि जागा खालच्या नावाला जाते, हा नियम भाऊंना पुस्तिका न उघडता ठाऊक होता. म्हणजे शीलाला जागा मिळायला त्यांनी काही करायची गरजच नव्हती. माझी तार त्यांच्या हातात होती आणि माझ्या घराला कुलूप होतं.

दुपारी मी गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करत होतो. मान वर केली तर बांधावर खाकी कपडे. पँट मांडीपर्यंत गुंडाळलेली, चपला हातात. वैनगंगेच्या पुलाला पाणी लागल्यामुळे गाड्या थांबवल्या होत्या. हा माणूस पूल पायी ओलांडून पुढचे तीन-चार मैल चालत आला होता.

‘चाल,’ ते म्हणाले.

‘कुठी, भाऊ?’

‘नागपूरले. तुहं नाव निंगालं.’

मी विहिरीवर हातपाय धुतले, मामाचा शर्ट चढवला. आईने भाकरी बांधून दिली. वडील भाऊंच्या पाया पडायला वाकले, तेव्हा भाऊ घाईघाईने दोन पावलं मागे सरले. वाटेत मी विचारलं, ‘जागा किती हायेत?’

‘एक.’

‘मंग शीला?’

‘तिलेबी तार हाय. तुह्या खाली नंबर हाय तिचा. पाय उचल, पानी वाढून राह्यलं.’

पुलावर पाणी घोट्यांना लागत होतं. भाऊंनी माझं मनगट धरलं होतं, आणि पूल संपून कोरडा रस्ता लागल्यावरही बराच वेळ सोडलं नाही.

अलीकडे थांबवलेल्या गाडीने आम्ही मूलला आलो. शीला स्टँडवर पिशवी घेऊन उभी होती. आम्ही तिघं नागपूरच्या गाडीत बसलो. खिडकीशी ती, कडेला मी, मध्ये भाऊ. सीटवर बसून प्रवास करण्याची त्यांना सवय नसावी. थांबा आला की त्यांचा हात आपोआप घंटीच्या दोरीसाठी वर जाई आणि मग ओशाळून मांडीवर येई. उमरेडच्या अलीकडे शीला बाहेर पाहत म्हणाली, ‘बाबा, ह्याचा बेडूक बी मीच कापत होती.’

‘माहीत हाय,’ भाऊ म्हणाले.



दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कारकुनाने माझं नाव पुकारलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. शेजारी शीला उभी होती, ओढणीचं टोक मुठीत आवळून. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी पुरे होतं, आणि मी गप्पच राहिलो. तिच्यासाठी राहिलो असं सांगायला मला फार आवडेल. पण तसं नव्हतं. भीतीने माझी जीभच उचलत नव्हती. कारकुनाने दुसऱ्यांदा पुकारलं, इकडेतिकडे पाहिलं आणि बोट खालच्या नावावर सरकवलं. तेवढ्यात, भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा तो आवाज मागून आला, ‘हाजर हाय साहेब! हाजर हाय!’ आणि माझ्या पाठीत एक जोरकस तळहात बसला. त्या धक्क्याने मी टेबलापर्यंत गेलो.

शीला पुढे हिवाळा सरेपर्यंत वडिलांशी बोलली नाही. मग एक दिवस तिने नर्सिंगचा फॉर्म आणला. भाऊ पेन घेऊन पुढे झाले तर म्हणाली, ‘नका. तुमच्या हातचे फॉर्म दुसऱ्याइलेच लाभते.’ तिने तो स्वतः भरला.

त्यानंतर भाऊंनी कुणाचाच फॉर्म भरला नाही. लोक गुणपत्रिका घेऊन येत राहिले. भाऊ म्हणत, ‘आता नियम बदलले गा. मले काई समजत नाई.’ नियम काही बदलले नव्हते. पुस्तिका मागवणं थांबलं, ओट्यावरचं वाचन थांबलं. गाडीत ते फक्त तिकिटं फाडत आणि ‘पुढं सरका’ म्हणत. मी पहिल्याच वर्षी अॅनाटॉमीत नापास झालो. सुट्टीतही घरी जाईनासा झालो, तेव्हा त्यांचं एक पोस्टकार्ड आलं. मायना नाही, खुशाली नाही. ‘पुरवणी परीक्षा नियमात बसते. पास व्हय. जागा एकच होती.’ ते कार्ड मी पुन्हा वाचू शकलो नाही, आणि त्या परीक्षेला दुसऱ्यांदा नापासही होऊ शकलो नाही.

रडतखडत डॉक्टर झालो आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात लागलो. शीला तिथे माझ्या आधीपासून सिस्टर होती. वाळलेल्या हातातही शीर शोधावी तर तिनेच. अवघड पेशंट आला की हाक मीच तिला मारायचो. ती मला ‘सर’ म्हणायची. नको म्हणू असं मी दहादा सांगितलं, तर म्हणायची, ‘नियम हाय, सर.’

नोकरी संपल्यावर भाऊंच्या छातीने कुरबुर सुरू केली आणि ते आमच्याच वॉर्डात दाखल झाले. एका दुपारी मी त्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. शीला पलीकडच्या खाटेवरच्या बाईंचा ताप पाहत होती. इतकी वर्षं गिळत आलेला प्रश्न मी शेवटी विचारला.

‘भाऊ, तवा माही तार तुमी खिशात ठेवली असती, तं कोनाले समजलं नसतं.’

‘ठेवली होती ना,’ ते म्हणाले. ‘खिशात ठेवून स्टँडवर जाऊन बसलो. गडचिरोलीची एक गाडी गेली. बसून राह्यलो. दुसरी गेली, तरी बसूनच. तिसरीत चढलो.’

‘काऊन चढले?’

छताकडे पाहत ते म्हणाले, ‘तेच तं मले अजून समजत नाई गा.’

पलीकडे शीलाने थर्मामीटर झटकला, पुसून ठेवला. मग ती आमच्याकडे आली, वडिलांची उशी सारखी केली. ‘दोन गाड्या सोडल्या का बाबा?’ ती हळूच म्हणाली. ‘मले वाटे, तुमी पहिलीतच गेले.’

तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्यांना ताप नव्हता. सकाळपासून नव्हता, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी स्टूल सरकवलं आणि पुढच्या खाटेकडे गेलो.